‘अजून भाग जात असन तर?’

“मॅडम, पोराले गणित येते, पण पेपर काही पुरा होत नाही.” यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या आईची ही तक्रार. सहावी-सातवीच्या पालकांकडून ती मी नेहमी ऐकते. बहुतेकांनी निदानही करून आणलेलं असतं: आळस.

या मुलाची वही उघडली. ८४/१४४ ला बारानं छाटून त्यानं ७/१२ केलं होतं. झालं की अतिसंक्षिप्त रूप, म्हणजे अजून छाटता न येणारं! पण पुढं अर्धं पान खाडाखोड. सात आणि बाराला तीननं भाग, चारनं भाग, परत सातनं.

“काहून थांबला नाहीस रे?”

“अजून भाग जात असन तर?”

वर्गात एकदा ९१/११७ तसंच ठेवल्यावर त्याचा गुण कापला गेला होता. दोन, तीन, पाच, सात, एकाही संख्येनं दोघांना भाग जात नाही, मग मूल फसणारच. तेव्हापासून त्याचा स्वतःच्या उत्तरावर विश्वास नव्हता. अशा मुलाला ‘घाबरू नकोस’ सांगून काही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याला थांबण्याची खूण हवी असते.

म्हणून वजाबाकी करायला लावली. ११७ उणे ९१, उरले २६. जी संख्या दोघांनाही भागते, ती त्यांच्या फरकालाही भागतेच. म्हणजे तपासायचे फक्त २, १३ आणि २६. ९१ विषम, त्यामुळे २ आणि २६ बाद. राहिला १३, त्यानं भागलं की ७/९. आता फरक २, सात विषम, संपलं. ७/१२ मध्ये फरक पाच. पाचानं सातला भाग जात नाही, तिथंही संपलं. मसावि, म्हणजे दोघांनाही भागणारी सर्वांत मोठी संख्या, काढायच्या भागाकार पद्धतीच्या मुळाशी हेच आहे, इ.स.पू. ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडनं ती लिहून ठेवली.

आईची शंका वेगळीच. “छाटलं तं उत्तर कमी नाही होत?” मी विचारलं, एकराच्या ४० गुंठ्यांपैकी २४ गुंठे पेरले काय न् एकराचे ३/५ पेरले काय, वावर कमी झालं का? त्या हसल्या.

मुलाला सांगितलं, वजाबाकी कोपऱ्यात एकदाच करायची आणि पुढचं गणित घ्यायचं. आईला सांगितलं, अभ्यासाला बसल्यावर ‘पाय बरं अजून एकदा’ म्हणायचं नाही. मुलानं लगेच मान डोलावली. आईला मात्र वेळ लागला.