एमबीबीएसची मुलाखत देणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेली प्रश्नोत्तरांची वही, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतले तुझे गुण उत्तम आहेत आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडून, म्हणजे आपण सगळे पुणेकर ज्याला एएफएमसी म्हणतो तिथून, तुला बोलावणे येईल अशी आशा धरायला जागा आहे. वहीतली उत्तरे शुद्ध इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहेत आणि त्यामागचे कष्ट दिसतात. तरीही मुलाखतीपर्यंत ती वही मिटून ठेव, असेच मी तुला सांगणार आहे. त्याचे कारण सविस्तर लिहितो.

आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशासाठी मुलाखत जवळजवळ कुठेच होत नाही. तीन तासांची परीक्षा, १८० प्रश्न, ७२० गुण, त्यावरून गुणवत्ता यादी आणि पुढे पसंतीक्रमानुसार जागावाटप, एवढ्यावर सारे ठरते. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलाला ‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे’ असे प्रवेशाच्या वेळी कोणीही विचारत नाही. एएफएमसी याला अपवाद आहे. तिथली नोंदणी एमसीसीच्या, म्हणजे देशपातळीवर वैद्यकीय जागावाटप करणाऱ्या समितीच्या संकेतस्थळावरूनच होते. नीटच्या गुणांवरून निवडलेल्या मुलामुलींना पुण्यात बोलावले जाते, त्यांची इंग्रजीचे आकलन आणि तर्कशक्ती पाहणारी ४० प्रश्नांची, ८० गुणांची, अर्ध्या तासाची टीओईएलआर ही चाचणी होते, त्याबरोबर मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. ७२० पुढे ५० हा आकडा तुला किरकोळ वाटेल. पण तिथवर पोहोचलेल्या साऱ्यांचेच नीटचे गुण एकमेकांना खेटून असतात आणि अशा वेळी मुलाखतीतले चारपाच गुण कुणाला वर नेतील आणि कुणाला खाली आणतील, हे सांगता येत नाही. टीओईएलआरसाठी रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक लेख वेळ लावून वाच आणि त्याचा आशय तीन वाक्यांत लिही. त्या चाचणीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याजवळ नाही. मुलाखतीबद्दल मात्र आहे.

वहीत पहिल्याच पानावर ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ असे तू लिहिले आहेस. हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. तुझ्या मनात ती भावना आहे, हे मी जाणतो. अडचण अशी की समोर बसलेल्या अनुभवी डॉक्टर अधिकाऱ्यांनी हेच वाक्य त्या दिवशी आधीही ऐकलेले असणार आणि त्यातून तुझ्याविषयी त्यांना काहीच कळणार नाही. कोणता समाज, कोणती सेवा, आणि ती करायला तूच का पुढे यावेस, यातले काहीही त्या वाक्यात नाही.

याच पुण्याशी जिचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली, अमेरिकेत पोहोचल्यावर, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, त्याचा आशय तुला सांगावासा वाटतो. त्यांचे वय तेव्हा अठरा होते, तुझ्याएवढेच. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी यासाठी मी शिकायला आले आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करतो याची खात्री नाही, हेही त्यांनी लपवले नाही. दुःख कोणाचे, ते का टळत नाही आणि मी आल्याने काय बदलेल, हे त्या पत्रात नेमके आहे. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले, हे तू शाळेत वाचलेच आहेस. त्यांच्यासारखे मोठे कारण तुझ्याजवळ असले पाहिजे असे मुळीच नाही. जे कारण आहे ते त्यांच्याइतकेच नेमकेपणाने सांगता आले पाहिजे, एवढेच मी सुचवतो.

आणि तुझ्याजवळ ते आहे. वहीत ते कुठेच नाही, पण पत्राच्या तिसऱ्या पानावर, जणू सहज म्हणून, तू लिहिले आहेस की आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन गेली दोन वर्षे तूच सांभाळतेस, साखरेचे आकडे एका डायरीत लिहितेस आणि एकदा रात्री इन्सुलिन घेऊन ते न जेवताच झोपले तेव्हा घामाने भिजलेल्या आजोबांना तू उठवून बसवलेस, साखर मोजली तर ५८ भरली, मग साखरेचे पाणी दिलेस. बाळ, तुझे उत्तर हे आहे. ‘डॉक्टर का व्हायचे आहे’ या प्रश्नाला त्या रात्रीपासून सुरुवात कर. मात्र एक लक्षात ठेव: अशी गोष्ट सांगितलीस की पॅनेल तिथेच थांबणार नाही. घाम का फुटला, असे विचारतील. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर तिला वर आणण्यासाठी अ‍ॅड्रेनलिन सोडते आणि घाम, थरथर, छातीतली धडधड ही त्याची लक्षणे असतात, हे तुला अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या आधारे सांगता आले पाहिजे. किती साखर दिलीस, असे विचारतील. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, मग १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यायचे, ही रीत माहीत असू दे. ते शुद्धीवर नसते तर काय केले असतेस, हा प्रश्न तर नक्कीच यावा. तेव्हा तोंडात काहीही घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते, ताबडतोब रुग्णालय गाठायचे. स्वतः पाहिलेल्या गोष्टीच्या मुळाशी जाऊन तिचे कारण शोधण्याची सवय तुला आहे की नाही, हे या प्रश्नांतून समजते आणि पाठ केलेल्या उत्तराने ते कधीच समजत नाही.

गेली अनेक वर्षे ओळखीच्या मुलामुलींच्या सरावाच्या मुलाखती मी माझ्या दवाखान्यात घेत आलो आहे. पाठ करून आलेले मूल दुसऱ्या प्रश्नालाच अडखळते, कारण वहीत तो प्रश्न नसतो. स्वतःचे सांगणारे मूल इंग्रजीत चुकते, थांबते, शब्द शोधते, पण त्याला पुढचे बोलायचे असते आणि ते चेहऱ्यावर दिसते. तू मराठी माध्यमातून आलीस याचा संकोच बाळगू नकोस. लहान वाक्ये बोल. क्रियापद चुकले तर दुरुस्त कर आणि पुढे जा. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, सर’ असे सरळ सांग आणि तिथेच थांब. अंदाजाने काहीतरी ठोकून देण्याची सवय या व्यवसायात रुग्णाच्या जिवावर बेतते आणि समोर बसलेल्यांना ती पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येते.

आता एक काम सांगतो. शेजारच्या त्या आजी दर महिन्याला ससून रुग्णालयात जातात असे तुझी आई म्हणाली होती. पुढच्या वेळी त्यांच्यासोबत तू जा. नुसते बघायला म्हणून जाऊ नकोस, ते रुग्णांना अपमानकारक वाटते; त्यांचा हात धरायला जा. केसपेपरच्या रांगेत त्यांच्यासाठी उभी राहा, ओपीडीच्या बाकावर त्यांच्या शेजारी बैस आणि शेवटी औषधांच्या खिडकीपाशी नीट लक्ष दे. तिथे सकाळी एक, रात्री एक, असे घाईघाईत सांगून गोळ्यांची पाकिटे हातात दिली जातात. ज्यांना वाचता येत नाही ती माणसे काय करतात ते पाहा. कोणी पाकिटाचा कोपरा दुमडते, कोणी रात्रीची गोळी वेगळ्या पिशवीत ठेवते, कोणी मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला पुन्हा विचारते. बरोबर निदान होऊन, योग्य औषध मिळूनही उपचार इथे कसा निसटू शकतो, हे तुला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या खिडकीपाशी लवकर कळेल. घरी आल्यावर ते लिहून काढ. मुलाखतीत सांगण्यासाठी ते लिहू नकोस, स्वतःला हे काम आवडेल का हे तपासण्यासाठी लिही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे आयुष्यातली साडेपाच वर्षे तू अशाच गर्दीत काढणार आहेस. ती गर्दी पाहून जीव घाबरला तर तेही आत्ताच कळलेले बरे.

सेनादलाबद्दल तुझ्या वहीत देशप्रेमाचा एक परिच्छेद आहे. त्याऐवजी तू माहितीपत्रकातले सेवेच्या अटींचे पान वाचावेस असे मला वाटते. एएफएमसीत शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्या बदल्यात पदवीनंतर सेनादलांत अधिकारी म्हणून सेवा करणे बंधनकारक असते. काहींना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक, मिळते, काहींना सात वर्षांचे अल्पसेवा कमिशन. नेमणूक कुठे होईल हे तू ठरवणार नाहीस, आणि मधेच सोडायचे म्हटले तर बाँडची मोठी रक्कम भरावी लागते. पुण्यातच राहता येईल या समजुतीने तिथे जाणाऱ्या मुलांची मला खरोखर काळजी वाटते. मुलींसाठी तिथे जागा मुलांपेक्षा बऱ्याच कमी आहेत, त्यामुळे चुरसही अधिक असते. ही संस्था डॉ. बी. सी. रॉय समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली उभी राहिली आणि एमबीबीएसचे शिक्षण तिथे १९६२ मध्ये सुरू झाले, एवढा इतिहास माहीत असू दे; पण ‘सातव्या वर्षी तू कुठे असशील’ या प्रश्नावर तू आईवडिलांशी बोलली आहेस का, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पॅनेलने विचारले आणि उत्तर देताना तू दाराकडे, बाहेर बसलेल्या वडिलांच्या दिशेने पाहिलेस, तर निर्णय तुझा नाही हे त्यांना समजेल.

राज्याच्या प्रवेशाकडे मात्र या सगळ्यात दुर्लक्ष होऊ देऊ नकोस. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून भरल्या जातात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून; दोन्हींची नोंदणी वेगळी, संकेतस्थळे वेगळी, तारखाही वेगळ्या. डोमिसाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, आणि तुमच्या बाबतीत जात वैधता व नॉन-क्रिमी लेयर, ही सगळी मूळ कागदपत्रे एका फाइलमध्ये लाव. नॉन-क्रिमी लेयरवरची मुदतीची तारीख आजच वाच. ती उलटून गेली असेल तर उद्याच सेतूत अर्ज करा, कारण निकालानंतर तिथली गर्दी आवरत नाही. सगळीकडचे तुझे नाव आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंग सारखे आहे का तेही पडताळून पाहा. पसंतीक्रम भरताना ‘आपल्याला हे मिळणार नाही’ म्हणून एखादे महाविद्यालय वगळू नकोस किंवा खाली ढकलू नकोस. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते आणि तुझ्या पाळीला तुझ्या यादीत वरून पहिली रिकामी जागा तुला मिळते. वरती मोठी नावे लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. म्हणून जे खरोखर हवे आहे त्याच क्रमाने लिही. पुण्याबाहेरचे शासकीय महाविद्यालय आणि पुण्यातले खासगी महाविद्यालय यांत निवड करायची वेळ आली तर माझे मत शासकीय महाविद्यालयाच्या बाजूने आहे: तिथे रुग्ण अधिक पाहायला मिळतात आणि वडिलांवर कर्जाचा बोजा पडत नाही. पदवीनंतरच्या एका वर्षाच्या शासकीय सेवेच्या अटीला घाबरू नकोस. नव्या डॉक्टरला त्या वर्षात जे शिकायला मिळते ते फार मोलाचे असते.

एएफएमसीच्या वैद्यकीय तपासणीसाठी डोळे, कान आणि दात आत्ताच तपासून घे. चष्म्याचा नंबर आणि रंग ओळखण्याची क्षमता या दोन्हींबाबत त्यांचे निकष कडक असतात आणि एखादी गोष्ट आधी कळली तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला वेळ मिळतो. रविवारी सकाळी दहानंतर माझ्या दवाखान्यात ये. येताना आजोबांच्या साखरेची डायरी आण, वही आणू नकोस. आईवडिलांनाही घेऊन ये; सेवेच्या अटींचे ते पान मला तुम्हा तिघांसमोर वाचायचे आहे, त्यांच्या शंकांना तुझ्यासमोरच उत्तरे द्यायची आहेत, आणि त्यानंतर ते दोघे बाहेर बसतील तेव्हा आपण अर्धा तास मुलाखतीचा सराव करू.

तुझा,
डॉक्टरकाका