विश्वाला हेतू नसला तर

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. अशा प्रश्नाला घाईनं दिलेलं उत्तर बहुधा समोरच्याला गप्प करण्यासाठी असतं आणि तू गप्प बसावंस असं मला मुळीच वाटत नाही.

तू लिहितोस की विश्व 1380 कोटी वर्षांचं, पृथ्वी 454 कोटींची, आपली मानवजात जेमतेम 3 लाख वर्षांची. आणखी 500 कोटी वर्षांनी सूर्य फुगेल, त्याच्या कितीतरी आधी समुद्र आटलेले असतील. या सगळ्यामागे काही हेतू दिसत नाही, तेव्हा एमएस्सी तरी कशासाठी पूर्ण करायची? पहिल्या भागाबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही. त्यातून दुसरा भाग निघतो हे मात्र मला मान्य नाही.

तू खाणींच्या डिचोलीचा, म्हणून तुझ्या अंगणातलंच घेतो. पावसाळ्यात तुमच्या घरापुढून जे लाल पाणी वाहतं त्यात लोह आहे. ते पृथ्वीवर तयार झालेलं नाही. मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात हलकी मूलद्रव्यं जुळत जुळत लोहाच्या आसपास येऊन पोचतात आणि तिथं अडतात, कारण त्यापुढच्या जोडणीतून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. गाभा कोसळतो, तारा फुटतो. असल्या स्फोटांतून आणि श्वेतबटू (इंधन संपून आकसलेल्या) ताऱ्यांच्या स्फोटांतून लोह अवकाशात विखुरलं, त्यातलं काही पृथ्वीच्या वाट्याला आलं. आदिम समुद्रात ते विरघळलेलं होतं. सूक्ष्म जिवांनी सोडलेल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते थराथरानं तळाशी बसलं, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. गोव्याच्या खनिजाचे मूळ खडक 250 कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. पुढं लाखो वर्षांच्या पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली आणि बार्जी भरभरून मांडवीतून गेलं ते खनिज मागं उरलं.

या साखळीत कारण नाही अशी एकही कडी नाही, आणि हेतू आहे अशीही एक नाही. त्या सूक्ष्म जिवांना खनिज घडवायचं नव्हतं, ऑक्सिजन हा त्यांचा टाकाऊ माल होता. त्या डोंगरातलं लोह कुणाला तरी हवंसं वाटलं ते माणूस तिथं आल्यावर. (आणि हेतू असला म्हणजे तो चांगलाच असतो असंही नाही. खाणीखाली गेलेली तुमची शेतं आणि आटलेल्या विहिरी तू पाहिल्या आहेस.)

भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या 1977 सालच्या 'द फर्स्ट थ्री मिनिट्स' या पुस्तकातलं वाक्य तू उतरवून पाठवलंस: विश्व जसजसं समजत जातं तसतसं ते निरर्थक वाटू लागतं. पण पुस्तक तिथं संपत नाही. विश्व समजून घेण्याची धडपड माणसाच्या जगण्याला थोडी उंची देते, अशा अर्थाच्या ओळीवर ते संपतं. ज्यांनी ते पहिलं वाक्य लिहिलं ते पुढं चाळीसेक वर्षं भौतिकशास्त्र करत राहिले. का राहिले असतील, याचाही विचार कर.

हा विचार पश्चिमेकडून आला आणि आपल्या माणसांना तो झेपणारा नाही, असं तुला घरात कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर कवळ्याला गौडपादाचार्यांच्या नावाचा मठ आहे. अद्वैताचे जुने आचार्य असलेल्या त्या गौडपादांच्या कारिकेत, म्हणजे श्लोकांत, हाच प्रश्न आहे. काही म्हणतात सृष्टी भोगासाठी, काही म्हणतात क्रीडेसाठी. त्यावर ते म्हणतात, 'देवस्यैष स्वभावोऽयमाप्तकामस्य का स्पृहा'. हा देवाचा स्वभावच आहे. ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झालेल्या, त्याला कसली आस? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप म्हणून येतो: ब्रह्म जर पूर्ण, तर त्याला सृष्टीचं प्रयोजन काय? उत्तर मिळतं, 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'. लोकांत दिसते तशी ही नुसती लीला. तिथं शंकराचार्य श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात: बाहेरचं कुठलंही प्रयोजन मनात न धरता तो आपसूक चालतो. सांख्य दर्शनाच्या लोकांना हे पटत नाही. वासरासाठी गाईला पान्हा फुटावा तशी प्रकृती (जड सृष्टी) पुरुषासाठी (चैतन्यासाठी) राबते, असं ते म्हणतात. म्हणजे वाद आपल्याकडेही होता. पण लक्षात घे, सृष्टीला प्रयोजन नाही असं जे म्हणाले ते त्यामुळे खचले नाहीत. जिथं काही उणं असतं तिथंच हेतू असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. विश्वाला काही कमी पडत असेल असं मला तरी दिसत नाही, मग ते हेतू बाळगेल कशाला?

आणि समज, वरून कुणी तुला हेतू नेमून दिला असता, तर तुझं समाधान झालं असतं? पोल्ट्रीतल्या ब्रॉयलर कोंबडीचा जन्म किती ठरीव हेतूनं झालेला असतो! तिला तो हेतू कळला तरी तिचं जगणं तिळभरही अर्थपूर्ण होत नाही. बाहेरून मिळालेला हेतू आपण तपासून, पटवून घेऊन आपला म्हणावा लागतो. तो निवाडा शेवटी तुझ्याकडेच येतो. सगळं ठरवणारा कुणी आहे असं मानलं तरी येतो.

आता एक काम सांगतो. पुढच्या अमावास्येच्या सुमारास फेरीबोट धरून दिवाडीला किंवा चोडणला जा आणि खाजन शेताच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, बांधावर उभा राहा. उधाणाचं पाणी चढायला लागलं की मानसीकडं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराकडं, बघ. तिची लाकडी दारं त्याच पाण्याच्या दाबानं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना बाहेर लोटतं आणि ती उघडतात. मोटर नाही, दोरी ओढणारा माणूस नाही. आत खारवट मातीतही तग धरणारं कोरगुट भात. पाणी उतरताना मानसीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळीही मिळते. बांध मातीचा. खेकड्यानं पोखरलेलं बीळ वेळेवर बुजवलं नाही तर तिथूनच भगदाड पडतं, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन पुढची काही वर्षं पिकत नाही. म्हणून गावकऱ्या, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्था, पिढ्यान्‌पिढ्या या बांधांची राखण करत असत.

भरती येते ती चंद्र-सूर्याच्या ओढीनं. तिच्यापायी चंद्र दर वर्षी साधारण 3.8 सेंटीमीटर दूर सरकतो आहे. 1969 पासून चांद्रवीरांनी तिथं ठेवलेल्या आरशांवर लेसर पाडून हे मोजलं आहे. त्या भरतीला कोरगुटाशी काही देणंघेणं नाही. देणंघेणं आहे ते बांधाआडच्या माणसांना, कारण त्यांना भूक लागते. हेतू जन्मतो तो तिथं, जिथं कुणाला काही लागतं, काही दुखतं, काही गमवायची भीती असते. आणि विश्वानं त्यावर सही केलेली नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. दार खरोखरच मिटतं, भात खरोखरच पिकतं. 500 कोटी वर्षांनंतर या भाताची कुणाला आठवण नसेल हे कबूल. पण आजच्या भाताची किंमत त्या काळानं का ठरवावी? ती आज जेवणाराच ठरवणार.

धर्मानंद कोसंबींबद्दल तू विचारलंस. साखवाळला 1876 साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीनं घर सोडून निघाला. काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोचला, भिक्षू झाला, पाली शिकला आणि पुढं मराठी वाचकाला बुद्ध नव्यानं दिला. ज्या बुद्धासाठी ते निघाले, त्यानं जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेलं की अनंत, हे प्रश्न मालुंक्यपुत्त या शिष्यानं धरणं धरलं तरी बाजूलाच ठेवले. दुःख आणि त्यातून सुटका, एवढंच मी सांगतो, असं म्हणाला. कोसंबींबद्दल मला फार आदर आहे. तरी त्यांचं उदाहरण मी जपून देतो, कारण त्या प्रवासाला ते निघाले तेव्हा मागं तरुण पत्नी होती, तान्ही मुलगी होती. मोठ्या हेतूचा खर्च पुष्कळदा दुसऱ्या कुणीतरी उचललेला असतो. तू शिक्षण सोडलंस तर तो खर्च कोण उचलेल, हे आईशी एकदा मोकळेपणानं बोल. तिची कीव करू नकोस, तिचं मत विचार.

आणखी एक, जे विचारायला मला संकोच वाटत नाही. झोप लागते का? जेवण जातं का? जे पूर्वी आवडायचं ते सगळंच बेचव झालं असेल, सकाळी उठणंच नको वाटत असेल, तर तो विश्वरचनेचा प्रश्न राहत नाही, ते दुखणं असतं आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे, 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा फुकट क्रमांक आहे. लाज बाळगू नकोस, मी बरोबर येतो. प्रश्न मात्र सोडून देऊ नकोस. बरं वाटल्यावरही तो राहीलच, आणि तेव्हा त्याच्याशी झुंजायला अंगात बळ असेल.

परीक्षेचा अर्ज मुदतीत भरून टाक. पुढचं ठरवायला त्यानं वेळ मिळेल, बांधील मात्र होणार नाहीस. गौडपादांच्या कारिकांची मराठी अर्थासह एक प्रत माझ्याकडे आहे. शनिवारी दुपारी मी घरीच असतो, येऊन घेऊन जा. 'स्वभाव' म्हटल्यानं प्रश्न सुटतो की नुसता पुढं ढकलला जातो, अशी शंका तुला येईल. मलाही येते. तुझं म्हणणं लिहूनच आण, म्हणजे बसून नीट वाद घालता येईल.

तुझा,
सर