तीन दिवसांच्या कोर्सवर फिलरचं इंजेक्शन देता येतं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. अकरा वर्षं स्वतःचं पार्लर आहे, शिक्षण बारावी आणि ब्युटीशियनचा डिप्लोमा. दिवाळीनंतर पुण्यातल्या एका अकॅडमीत डर्मल फिलरचा, म्हणजे ओठ-गाल भरदार दिसायला कातडीखाली द्यायच्या जेलच्या इंजेक्शनचा, तीन दिवसांचा कोर्स केला, फी 1 लाख 65 हजार, त्यातले लाखभर बचत गटाकडून कर्ज काढून. व्हॉट्सअ‍ॅपवर अकॅडमीने लिहून दिलं होतं की डॉक्टर नसलात तरी चालतं, सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे, आल्या आल्या काम सुरू करा. त्यांनी दोघींच्या ओठांना फिलर केलं, त्यातल्या एकीच्या ओठात बावीस दिवसांनंतरही गाठ आहे आणि ती पोलिसात जाईन म्हणतेय. अकॅडमी आता फोन घेत नाही, आणि लग्नसराईची तीन बुकिंग पुढे आहेत. बुकिंग करू का, पैसे परत मिळतील का, क्लायंटचं काय करू, असे तीन प्रश्न.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तिथे एका माणसाचा चेहरा आहे. त्या मुलीला आजच स्किनच्या डॉक्टरकडे पाठवा, एमडी किंवा डीव्हीडी ही स्किनची पदवी बघून, आणि शक्य असेल तर तुम्ही सोबत जा. कोणतं फिलर, किती एमएल, कुठल्या तारखेला, खोक्यावरचा बॅच नंबर काय, हे सगळं डॉक्टरांना खरं सांगा. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं, पण ते द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही ऑनलाइन मागवून स्वतः टोचायला जाऊ नका, गाठ चोळूनही बघू नका. आणि दुसरी जी क्लायंट आहे तिलाही फोन करा. कातडी पांढरी किंवा जाळीसारखी निळसर पडणं, खूप दुखणं, डोळ्याला कमी दिसणं, यातलं काही झालं तर एक तासही घालवायचा नाही, सरळ हॉस्पिटल, कारण फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते आणि क्वचित नजरही जाते. तीन दिवसात हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आलाय.

उपचाराचा खर्च तुम्ही द्यावा असं माझं मत आहे, पावती घेऊन, थेट डॉक्टरकडे भरा. पण घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि तिच्याकडूनही "माझी तक्रार नाही" असं दबावाने लिहून घेऊ नका, ते तुमच्यावरच उलटेल. चॅट डिलीट करू नका, खोकी स्टिकर बिलं फेकू नका.

आता बुकिंग. तिन्ही रद्द करा, अ‍ॅडव्हान्स परत द्या. ओठात सुई घालून औषध सोडणं हे वैद्यकीय काम आहे, पार्लरचं नाही. नॅशनल मेडिकल कमिशन कायदा 2019 च्या कलम 34 खाली डॉक्टरांच्या सरकारी रजिस्टरमध्ये नाव नसताना मेडिकल प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या राज्याचा 1961 चा कायदा वेगळा आहेच, बोगस डॉक्टरवर कारवाई होते ती बहुतेक त्याच्याच कलम 33 खाली. नुकसानभरपाईच्या बाजूने तर आणखी अवघड आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या 1996 च्या मुंबईच्या केसमध्ये होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती, पेशंट गेला, आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्या पद्धतीचं शिक्षणच नाही ती वापरली हाच निष्काळजीपणा, 3 लाख भरपाई द्यायला लावली. तो तर निदान कुठल्यातरी शाखेचा रजिस्टर्ड डॉक्टर होता हो, आपल्याकडे तेही नाहीये. अकॅडमीवाल्यांनी सुचवलं तसं एखाद्या डॉक्टरचं नाव बोर्डावर लावून इंजेक्शन तुम्ही द्यायचं, हेही नको, त्यात तो डॉक्टरपण अडकतो.

पैशांचं मात्र मला बरंच आशादायक वाटतंय, आणि त्याचं कारण तुम्ही फ्रेम करून लावलेलं ते सर्टिफिकेट. फोटो पाठवलात तो मी झूम करून बघितला, खाली एका एमबीबीएस डॉक्टरची सही आहे. डॉक्टरांसाठी 2002 चे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यातला 7.10 असं सांगतो की रजिस्टर्ड डॉक्टरने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाला आधुनिक वैद्यकातल्या प्रावीण्याचं सर्टिफिकेट द्यायचं नाही. म्हणजे तुम्हाला परवाना वाटलेला कागद हा खरं त्यांच्याविरुद्धचा पुरावा आहे. तो फ्रेममधून काढा, स्कॅन करा, ओरिजिनल जपून ठेवा. त्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. शिवाय नॅशनल मेडिकल कमिशननेच 2022 मध्ये सांगितलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे एस्थेटिक प्रोसिजर सुरू करायला पुरेसं नाही, आणि ते डॉक्टरांबद्दल म्हटलंय, मग पार्लरवाल्या बाईला लगेच सुरू करा असं सांगून फी घेणं म्हणजे काय ते उघडच आहे.

अकॅडमीवर जिल्हा ग्राहक आयोगात केस टाका, सांगलीतच टाकता येते, 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे परवानगी आहे, पुण्याला खेटे नकोत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, मुदत दोन वर्षं. त्यांचा वकील पहिला मुद्दा काढणार की शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवाच नाही. त्याला उत्तर आहे, राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये शिक्षणसंस्थांना बाहेर ठेवलं पण कोचिंगवाल्यांना नाही, आणि 2009 च्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या केसमध्ये मान्यता नसताना आहे सांगून विद्यार्थी घेतले म्हणून सुप्रीम कोर्टाने सेवेतली त्रुटी धरली. दुसरा मुद्दा काढतील की तुम्ही धंद्यासाठी कोर्स केला म्हणजे ग्राहक नाही, तर तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा की स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी केला.

एक अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तक्रार शपथेवर असते. फी परत मागायला तुम्ही इंजेक्शन दिलं हे सांगावं लागत नाही, खोटं सांगून कोर्स विकला एवढंच पुरतं, पण विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि तिथे जे कबूल कराल ते फौजदारीत वापरलं जाऊ शकतं. म्हणून मसुदा स्वतः टाइप करू नका, फौजदारी काम करणाऱ्या स्थानिक वकिलाला आधी सगळं खरं सांगा, दोन्ही क्लायंटसकट. त्यांच्याकडून आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा, रजिस्टर एडी, मागणी पूर्ण फी आणि कर्जावरचं व्याज. फसवणुकीची पोलीस तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम 318, हीसुद्धा त्यांना विचारूनच. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आधार कार्ड घेऊन जा.

पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर टाळू नका, वकिलाला घेऊनच जा. आणि उरलेल्या दोन सिरिंज फ्रीजमध्ये आहेत म्हणालात ना, त्या बिलासकट तशाच वकिलांना दाखवा, कुणाला विकू नका, अकॅडमीचा माणूस परत घ्यायला आला तरी देऊ नका.