कचरू ऊर्फ मिलिंद

प्रिय लेकी मित्रा,

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. एक कॉलेजच्या असाइनमेंटचा: मराठी लोक पुढाऱ्यांच्या नावावरून मुलांची नावं ठेवतात का? दुसरा, तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, ज्या जुन्या कागदाचा फोटो मी पाठवला त्यावर ‘कचरू ऊर्फ मिलिंद’ असं का लिहिलंय, आणि ऊर्फ म्हणजे काय? तुला ते दोन वेगळे प्रश्न वाटले. माझ्या लेखी प्रश्न एकच आहे.

अमेरिकेचं उत्तर तू आकड्यांत देऊ शकतेस. इथलं सोशल सिक्युरिटी, म्हणजे पेन्शनचं सरकारी खातं, १८८० पासूनची बाळांची नावं मोजतं. त्यात बराक हे ओबामांचं नाव २००७ साली पाच मुलांचं, २००८ साली बावन्न आणि पुढच्या वर्षी एकोणसत्तर मुलांचं होतं. हिलरीचं उलटं झालं. १९९२ साली अडीच हजारांवर मुलींना ते नाव मिळालं, पुढच्या वर्षी हिलरी क्लिंटन बाई व्हाइट हाउसमध्ये राहायला गेल्या आणि त्याच वर्षी आकडा निम्म्याच्या खाली आला. म्हणजे पुढारी नाव वाढवतो तसं घालवतोही.

आपल्याकडे असा तक्ता नाही. शाळेची हजेरी हाच आपला तक्ता. आबाजी सांगतात, त्यांच्या वर्गात तीन सुभाष होते, आणि गुरुजी त्यांना मोठा, मधला, धाकटा असं ओळखत. नेताजींची आझाद हिंद सेना चाळीसच्या दशकातली. तेव्हापासून पुढची दहा-बारा वर्षं गावोगाव सुभाष जन्मत राहिले. त्या वयाच्या चार काकांना ‘सुभाषराव’ अशी हाक मारून बघ, एक तरी वळेल. शिवाजी, संभाजी, तानाजी तर त्याआधीपासून आहेत. गंमत म्हणजे त्यातला ‘जी’ आदराचा, आणि आई मात्र ओरडते, ‘शिवाज्या, मेल्या, जेवायला ये!’ हल्ली त्यांची जागा शिवांश आणि शंभूराजने घेतलीय. तिकडे तमिळनाडूत करुणानिधींनी मुलाचं नाव थेट स्टालिन ठेवलं. मार्च १९५३ मध्ये तो मुलगा जन्मला आणि रशियातला स्टालिन गेला, दोन्ही एकाच आठवड्यात.

पण आपल्या घरात जे झालं ते असं नाही. आमच्याकडे पुढाऱ्याचं नाव कुणी उचललं नाही.

आबाजी १९५० चे. त्यांच्याआधीची दोन भावंडं गेली होती. म्हणून ते जन्मल्यावर पणजीने त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि उचललं. नाव ठेवलं कचरू. टाकून दिलेल्या पोरावर सटवीची नजर कशाला जाईल, असा हिशेब. हे सगळ्याच जातींत चालायचं. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो, त्याच्या मुळाशीही धोंडाच आहे. फरक पुढे पडायचा. वरच्या आळीतला धोंडू मोठा होऊन धोंडोपंत व्हायचा. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातला म्हातारा झाला तरी धोंड्याच राहायचा. आणि आमच्याकडे पोर जगो-मरो, नाव तसलंच: दगडू, कचरू, उकंड्या. मनुस्मृतीत तर लिहूनच ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हा ग्रंथ जाळला.

जून १९५६ मध्ये आबाजींचं नाव पहिलीत घातलं, ‘कचरू’ म्हणून. ऑक्टोबरात पणजोबा वर्धेहून नागपूरला गेले. १४ तारखेला बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि मग लाखो लोकांना दीक्षा दिली, त्या गर्दीत ते होते. परत आले ते घरातले देव बोचक्यात बांधून नदीवर गेले, आणि संध्याकाळी म्हणाले, आजपासून हा मिलिंद. मिलिंद म्हणजे नागसेन भिक्खूला प्रश्न विचारून विचारून भंडावणारा ग्रीक राजा. पणजोबांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला हे नाव दिलंय. मुंबईचं सिद्धार्थ, औरंगाबादचं मिलिंद. कॉलेजचं नाव पोराला दिलं की पोरगं कॉलेजात जाईल, असा त्यांचा हिशेब. (गेलं. बी.एस्सी. झालं.)

शाळेने मात्र नाव बदललं नाही. गुरुजी म्हणाले, रजिस्टरात शाईने लिहिलंय. तेव्हा घरात मिलिंद आणि हजेरीत कचरू अशी दहा वर्षं गेली. नोकरी लागली तेव्हा प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की कचरू आणि मिलिंद ही एकच व्यक्ती आहे. त्या दोघांमधला शब्द ‘ऊर्फ’. म्हणजे ‘दुसऱ्या नावाने ओळखला जाणारा’. तुझ्या पिढीला तो गुन्हेगारांच्या बातमीतच भेटतो. आमच्या बाजूला तो सरकारी कागदांवर घरोघरी होता.

आता तुझ्या असाइनमेंटकडे ये. तू म्हणशील, मग बाबासाहेबांचंच नाव का नाही ठेवलं? ठेवतात की. त्यांच्या नातवाचंच नाव भीमराव आहे. पण माझ्या पाहण्यात भीमरावांपेक्षा सिद्धार्थ, गौतम, आनंद, सुजाता, यशोधरा कितीतरी जास्त. ज्यांना उठता-बसता ‘जय भीम’ म्हणायचं, त्यांच्या नावाने पोराला ‘ए भीम्या, दात घास’ म्हणवत नाही. शिवाय त्यांनी स्वतःचं नाव दिलंच नाही, बौद्ध नावांची एक जुनी पेटी उघडून दिली. बराकच्या आकड्यात हे दिसणार नाही. माझ्या राहुल या नावाचंच बघ. मंडळाच्या गणपतीत मला कुणी द्रविडवरून विचारतं, कुणी गांधींवरून. माझा राहुल बुद्धाचा मुलगा आहे. एकाच नावाची तीन उगमस्थानं. म्हणून तक्त्यात कुठल्या नावाचा आकडा वाढला की लगेच पुढाऱ्याच्या खात्यावर मांडू नकोस.

तुझं नाव आत्यानेच ठेवलं, ती रीत धम्मातही टिकली. त्रिशरण-पंचशील झालं, भीमपाळणा म्हटला, कानात नाव सांगितलं. संघमित्रा ही अशोकाची मुलगी, बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार लंकेला गेलेली. आम्ही न्यू जर्सीला निघालो होतो, आत्याला ते सुचलं. तू चौथीत त्याचं ‘मित्रा’ केलंस, आता प्राध्यापकांना पूर्ण सांगते म्हणालीस, ते छान.

रविवारी आबाजींशी बोलशील तेव्हा त्या कागदाचं खुशाल विचार, ते रंगवून सांगतील. फक्त त्या पहिल्या नावाने हाक मारू नकोस. ती मुभा एकट्या आत्याआजीला आहे, आणि तीसुद्धा राखी बांधतानाच वापरते.

तुझा,
बाबा