शाळेने फोन बंद केला, मग एस.टी. चुकली तर पोरीने काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. मुलगी नववीत. गाव पारोळा तालुक्यात, शाळा तालुक्याच्या ठिकाणी, जाणं-येणं एस.टी.ने. शाळेने या वर्षापासून विद्यार्थ्यांच्या फोनवर सरसकट बंदी घातली आणि सापडला तर वर्ष संपेपर्यंत जप्त अशी नोटीस लावली. पालकसभेत दोन तट पडले. पुढच्या सभेत काय बोलावं, आणि मुळात मुलीला फोन घेऊन द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं नववी-दहावीचा वर्गशिक्षक होतो. फोन पकडणं, जमा करणं, परत देणं आणि वर पालकांची बोलणी खाणं, सगळं झालंय. माझं मत असं की वर्गात फोन नको, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दप्तरातही नको असं म्हणायचं असेल तर फोन जी कामं करतो ती शाळेने स्वतःच्या अंगावर घ्यायला हवीत. तुमच्या शाळेने नोटीस लावली, त्यापलीकडे काही केलेलं तुमच्या लिहिण्यातून तरी दिसत नाही.

'आमच्या वेळी कुठे होते फोन?' असं इथे एका दादांनी विचारलंय. नव्हते, खरं आहे. पण तेव्हा शाळेच्या कार्यालयात लँडलाइन होती, फाटकासमोरच्या टपरीवर एक रुपयाचा कॉइन बॉक्स होता, स्टँडवर एस.टी.डी.चं बूथ होतं. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आला तसे कॉइन बॉक्स गेले, बूथ गेले, कितीतरी शाळांनी लँडलाइनही काढून टाकली. आता मोबाईलही काढून घेतला तर मधे काहीच उरत नाही. कापूस वेचणीचे दिवस, आई-बाप दोघं शेतात, पाच वाजेची गाडी रद्द, आणि पोरगी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभी. तिने कोणाला आणि कशावरून कळवायचं? सभेत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. कार्यालयातला एक फोन शाळा सुटल्यावरही, शेवटची मुलगी गाडीत बसेपर्यंत, कोणाच्या तरी हातात राहणार आहे का? त्या माणसाचा नंबर प्रत्येक पालकाकडे आहे का? याचं उत्तर 'हो' असेल तर बंदीला माझा पाठिंबा आहे. 'बघू' असेल तर नाही.

वर्गात फोन का नको, याला मात्र चांगला पुरावा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ९१ शाळांचे निकाल तपासले होते. फोनबंदीनंतर निकाल थोडे वर गेले, पण सुधारणा झाली ती मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची. वरच्या मुलांना जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. हुशार पोरगं फोन खिशात ठेवूनही त्रिकोणमिती उरकतं. ज्याचा आधीच धागा तुटलेला असतो, ते बाकाखाली स्क्रीन उजळली की गेलंच, आणि तास संपेपर्यंत परत येत नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन बंद केला. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांतून तो बाहेर काढला, ब्राझीलने २०२५ मध्ये देशभर कायदा केला. तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांना जुन्या वळणाचे म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक सापडला नाही. कारण सोपं आहे: शाळेत वाचलेला वेळ पोरं घरी भरून काढतात. आमच्याकडे एक वडील आपल्या मुलाचा फोन घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, तुमीच ली ठेवा, मनं काई आयकत नई तो." मी काय करणार? शाळेच्या हातात सहा तास. रात्री खाटेवर पडून जे चालतं ते शाळा कशी बंद करेल? बंदीने पोरगं घरी सुधारेल ही आशा पालकांनी धरू नये, आणि शाळांनीही तसं भासवू नये.

आता फोन जमा करण्याबद्दल. कारण 'घरून आणा, पण वर्गाबाहेर जमा करा' हाच मधला मार्ग मला चाललेला दिसला, आणि तो बिघडतोही नेमका तपशिलात.

कार्यालयात एकच लोखंडी कपाट ठेवून सगळ्या शाळेचे फोन त्यात टाकले की पहिल्याच आठवड्यात बोंब होते. शाळा सुटते पाचला, गाडी पाच-दहाला, आणि कपाटापुढे शंभर पोरांची झुंबड. त्यात शिपाईमामा चावी घेऊन पोस्टात गेलेले. पोरं गाडी तरी सोडतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन जमा करणं सोडतात. म्हणून जमा करणं वर्गवार हवं. आमच्याकडे गावातल्या शिंप्याने रेक्झिनच्या पट्टीवर खिसे शिवून दिले होते, प्रत्येक खिशावर हजेरी क्रमांक. पहिल्या तासाला पट्टी भरायची, गुंडाळून मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात, आणि शेवटच्या तासाची घंटा होण्याच्या पाच मिनिटं आधी वर्गात परत. मॉनिटर वाटतो, शिक्षक समोर उभे. फोन बंद करूनच खिशात जायला हवा, नाहीतर भर तासाला कुलपातून कोणाच्या तरी भावाच्या हळदीची गाणी वाजतात.

सोबत एक साधी वही लागते. फोनची कंपनी, रंग आणि आधीच तडा असेल तर 'तडा आहे' असा शेरा, खाली पोराची सही. ही वही नसली की भांडण ठरलेलंच: "आमचा फोन नवा होता, शाळेत फुटला." भरपाई कोण देणार हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर ते शेवटी वर्गशिक्षकाच्या खिशातून जातं, आणि मग कोणताही शिक्षक हे काम मनापासून करत नाही. पोरंही बेरकी. घरातला मेलेला जुना फोन पट्टीत लटकवायचा आणि चालू फोन मोज्यात. यावर उपाय असा की जमा करताना फोन सुरू करून दाखवायचा, मग बंद करायचा. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत.

आणि आपल्या भागासाठी खास: मार्च-एप्रिलात ते कुलूपबंद कपाट पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. जळगाव-धुळ्याचा पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा लोखंडी कपाट तव्यासारखं तापतं आणि बॅटऱ्या फुगतात. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते तेव्हा जमा केलेला फोन त्याच दिवशी परत गेलाच पाहिजे. जप्त केलेले फोन तर कपाटात महिनोन्‌महिने अजिबात ठेवू नयेत.

जप्तीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वर्षभर जप्ती ही मला अतिरेकी शिक्षा वाटते. तो फोन बहुतेक वेळा पोराचा नसतोच. त्यात बापाच्या नावाचं सिम असतं, बँकेचा ओटीपी त्यावर येतो, व्यापाऱ्याने पैसे टाकले की मेसेज त्यावर येतो. एक दिवस ठेवा, पालकांना बोलावून हातात द्या. पुन्हा सापडला तर आठवडाभर. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात, एका केंद्रीय विद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, जवळपास हीच चौकट घातली आहे: फोन आणण्यावर सरसकट बंदी नको, सोय असेल तिथे तो जमा करावा, वर्गात वापर नाही, कॅमेरा आणि रेकॉर्डिंग नाही, नियम पालक-शिक्षकांशी बोलून ठरवावेत, आणि शिक्षा न्याय्य असावी, फार कठोर नसावी. तो आदेश महाराष्ट्रातल्या शाळांवर बंधनकारक नाही, पण सभेत ठेवायला उत्तम. एक छापील प्रत घेऊन जा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

मुलींबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण 'मुलगा-मुलगी नियम सारखाच' असं म्हणून लोक पुढे जातात. नियम सारखा असला तरी परिणाम सारखा नसतो. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींपैकी सुमारे २७ टक्के. हा फरक एका बाजूला. दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे. मुलाचा फोन सापडला तर घरी दोन थापडा आणि विषय संपला. मुलीचा सापडला आणि त्यात एखाद्या मुलाचा 'जेवलीस का' एवढाच मेसेज निघाला, तरी दुसऱ्या दिवसापासून तिचं शाळेत येणं बंद, आणि अक्षय तृतीयेच्या आत स्थळ बघायला सुरुवात. म्हणून नियमात एक ओळ लिहून घ्याच: जप्त केलेला फोन शाळेतलं कोणीही उघडणार नाही, वाचणार नाही. काही शिक्षकांना हा चाळा असतो, आणि वर्गासमोर मेसेज वाचून दाखवण्यात त्यांना मोठा पुरुषार्थ वाटतो. एखाद्या मुलीचा व्हिडिओ काढून फिरवण्याचा प्रकार असेल तर गोष्ट वेगळी. ते शाळेच्या शिक्षेत बसवायचं प्रकरण नाही, पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं आहे. तिथे १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा, पोलिसांत जावं, आणि फोनमधलं काहीही डिलीट करू नये.

शाळेलाही दोन शब्द ऐकवा. दिवसा फोन बंद आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठाचा फोटो, ही कसली बंदी? ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर जिनिंगच्या रात्रपाळीला गेला आहे, तिथल्या पोराने काय करावं? २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा नाइलाज होता. धडगाव, अक्कलकुव्याकडे तर रेंजसाठी टेकडी चढावी लागायची. तो नाइलाज संपला, सवय मात्र राहिली. गृहपाठ फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं म्हणाल तर 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ वर्गातल्या एका टीव्हीवर सगळ्यांना दिसतो, त्यासाठी साठ फोन लागत नाहीत.

शिक्षक स्वतः वर्गात फोन वापरतात, असा टोमणा एका भाऊंनी मारलाय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. हजेरी, पोषण आहार, कसली ना कसली माहिती शिक्षकाला फोनवरूनच भरावी लागते आणि ती 'आजच्या आज' हवी असते. तरी ते काम शिक्षक-खोलीत व्हावं. शिकवताना टेबलावर फोन पालथा ठेवलेला चालेल, हातात नको. आंध्र प्रदेशाने २०२३ मध्ये शिक्षकांनाही वर्गात फोन न्यायला मनाई केली होती. आपल्याकडे एवढं ताणायची गरज मला वाटत नाही.

आता तुमच्या मुलीचं. 'सगळ्यांकडे आहे' म्हणून ती रुसली असेल तर रुसू द्या. पण गाडीच्या प्रवासासाठी फोन हवाच, आणि तो बटणांचा साधा. घेताना नीट बघा, कारण हल्ली बटणांच्या फोर-जी फोनवरही यूट्यूब चालतं. सिम वडिलांच्या नावावर घ्यावं लागेल, अठराच्या आतल्यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही. फक्त बोलण्या-एसएमएसचा, इंटरनेट नसलेला रिचार्ज सगळ्या कंपन्यांना ठेवावा लागतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये तसं बंधन घातलं. दुकानदार तो आपणहून सांगणार नाही, मागून घ्या. साध्या फोनला शाळेची परवानगी मिळवणं सोपं जातं, आणि हरवला तरी फार चटका बसत नाही. तिला तीन नंबर तोंडपाठ करायला लावा. फोनची बॅटरी गेली तर सेव्ह केलेल्या नंबरांचा काय उपयोग?

आणखी एक, हे तुमच्या प्रश्नात नव्हतं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली निळी एस.टी. तुमच्या गावावरून जाते का? आठवी ते बारावीच्या मुलींसाठी ती असते, पण वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही अशी तक्रार बऱ्याच गावांत आहे. मुख्याध्यापकांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुलींची नावनिशी यादी जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज दिला तर वेळ मागेपुढे होऊ शकते. आमच्याकडे झाली होती. सभेत फोनचा वाद रंगायच्या आधी हा अर्ज सह्यांसाठी फिरवा, दोन्ही तटांच्या सह्या मिळतील. मसुदा हवा असेल तर गावाचं नाव न टाकता नुसतं 'हवा' एवढं लिहा, इथेच टाकतो.