पत्नीचं समुपदेशन इंग्लंडला आल्यावर कसं चालू ठेवाल?

दादा, तुम्ही विचारलंय की बाळंतपणानंतर पत्नीचं नाशिकला समुपदेशन चालू आहे, लेस्टरला आल्यावर ते तुटेल का आणि तिला मराठीत बोलता येईल का. तुटणार नाही, पण तयारीने या.

व्हिसासोबत तुम्ही दोघंही आरोग्य अधिभार भरता, सध्या माणशी वर्षाला १,०३५ पौंड. त्यात हा उपचार मिळतो. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ या सरकारी समुपदेशन सेवेसाठी मात्र त्यांची चिठ्ठी लागत नाही, ती स्वतः नाव देऊ शकते. थांबावं लागतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात द्या आणि तेव्हाच मराठी दुभाषी मागा. हिंदी चालेल का, असं विचारतील. तिला हिंदीत मन मोकळं करता येत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. दुभाषी आपल्याच मंडळातला निघेल अशी धास्ती असेल, तर दुसऱ्या शहरातला, फोनवरचा मागा.

तुम्ही स्वतः मात्र दुभाषी होऊ नका, हे कळकळीने सांगते. माझ्या वेळी हे शेजारी बसले होते. मी म्हटलं, “सासूबाईंचा फोन वाजला की छातीत धडधडतं.” यांनी सांगितलं, “तिला थकवा येतो.” खोटं बोलायचं नव्हतं त्यांना, आईला सांभाळून घेत होते. वर, नऊ प्रश्नांच्या कागदावर ‘उदास वाटतं का’ याला मी शून्य लिहिलं होतं. उदास नव्हतेच मी, जीव घाबराघुबरा व्हायचा. त्रास किरकोळ ठरला आणि हातात एक माहितीपत्रक घेऊन आम्ही घरी आलो.

पुढे भेटलेली सायकॉलॉजिस्ट इंग्रजच होती. तिने विचारलं, “तुमची आई या त्रासाला काय म्हणेल?” मी म्हटलं, “तू फार मनाला लावून घेतेस, असं म्हणेल.” दुभाषी बाईंकडून तिने ते शब्द तीनदा ऐकले, इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवले. पुढच्या भेटीत आल्या आल्या विचारलं, “या आठवड्यात काय मनाला लावून घेतलंत?” तिच्या तोंडून ते मोडकं मराठी ऐकून मला रडू फुटलं. सासूबाईंना तोडा, असं ती एकदाही म्हणाली नाही. फोन कधी घ्यायचा, किती बोलायचं, ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

खासगीत जाणार असाल तर एचसीपीसीच्या, म्हणजे सायकॉलॉजिस्टांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव तपासा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे, नुसतं ‘सायकॉलॉजिस्ट’ कुणीही लावू शकतं. नाशिकच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या, औषधांची मूळ नावं आणि मात्रा त्यात लिहून घ्या. रात्री-अपरात्री फारच बिघडलं तर १११ लावून २ दाबा. जिवाला धोका वाटला तर थेट ९९९.