मोडस पोनेन्स: बाण एकाच दिशेचा

तर्कशास्त्र नुकतंच हाती घेतलंयस, तर आधी मोडस पोनेन्स पक्कं कर. 'जर क तर ख' मिळालं आणि 'क'ही मिळालं, की 'ख' लिहायचं. पण दोन्ही विधानं हातात हवीत. नुसत्या जर-तरवरून काहीच सिद्ध होत नाही.

समज, 'शीवला रुळांवर पाणी साचलं, तर गाड्या रखडतात.' पाणी साचलंय, म्हणजे गाड्या रखडल्यात. इथवर ठीक. आता दादरला उभा राहून, गाडी आली नाही म्हणून 'शीवला पाणी असणार' म्हणालास, तर घसरलास. सिग्नल बिघडला असेल, ओव्हरहेड वायर तुटली असेल. नवशिक्यांच्या वहीत मला हीच चूक सारखी दिसते, आणि ती फार सोज्वळ चेहऱ्यानं येते. उलट जायचंच, तर नकार घेऊन जा: गाड्या रखडल्या नाहीत, म्हणजे पाणी साचलं नाही. हा मोडस टोलेन्स.

आणि हे पाठ करू नकोस रे. सत्यता कोष्टक, म्हणजे 'क' आणि 'ख' खरं-खोटं असण्याच्या सगळ्या जोड्यांचा तक्ता, स्वतः मांड. ४ ओळींपैकी 'जर क तर ख' आणि 'क' दोन्ही खरी असलेली ओळ एकच सापडेल. तिथे 'ख' खरंच असतं. पुढे जर्मन तर्कशास्त्रज्ञ गेंट्झेनची नैसर्गिक निगमन पद्धत, म्हणजे ठरावीक नियमांनी पायरी-पायरीनं सिद्धता रचणं, शिकशील, तेव्हा 'जर-तर' काढून टाकण्याचा नियम म्हणून मोडस पोनेन्सच भेटेल.